अंग दरीकडे टाक

म्हादू, तू गेलास त्याला आज बारा दिवस झाले आणि मी अजून तुझ्याशी भांडतोच आहे. सकाळी तालमीत माती खणताना भांडतो, शाळेत पोरांना पाढे म्हणायला लावून खुर्चीत बसलो की भांडतो. फरक एवढाच की तू आता उलटून बोलत नाहीस, म्हणून दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं. तुझी बाजू मी अशी झकास मांडतो की तू ऐकली असतीस तर मांडीवर थाप मारून म्हणाला असतास, "वस्ताद, ही अक्कल मी जित्ता असताना कुटं ठिवलती?"

कुठं ठेवली होती ते मला माहीत आहे. तेच सांगायला बसलो आहे. लिहून सांगतो, कारण तोंडाने सांगायला माझ्याकडे दहा वर्षं होती आणि ती मी घालवली.

आपलं भांडण तसं एका ओळीचं. मोटार हाकणारा माणूस खेळाडू म्हणायचा का नाही? तू म्हणायचास, व्हय. मी म्हणायचो, मग टांगेवाल्यालाही फेटा बांधा. घाम येतो तो इंजिनाला, धाप लागते ती इंजिनाला, आणि नाव होतं गादीवर बसलेल्याचं, हा कुठला न्याय? तू चिडायचा नाहीस. मिशीतल्या मिशीत हसून म्हणायचास, "येकदा बसून दाव." त्या हसण्याने माझं डोकं जास्तच फिरायचं.

भांडणाचं मूळ मात्र वेगळंच होतं, आणि ते तुला कधी सांगितलं नाही. आपण दोघांनी टाकव्याच्या तालमीत एकाच दिवशी लंगोट बांधला. वजनाला सारखे, उंचीला सारखे. जत्रेत आपली जोड लावायची म्हटलं की पंच कपाळाला हात लावायचे, कारण आपली कुस्ती कधी निकाली व्हायचीच नाही. तू माझा डाव खांद्यावरून ओळखायचास, मी तुझा श्वासावरून. मग एके दिवशी तू लोणावळ्याला गेलास, मुंबईच्या एका शेटच्या बंगल्यावर मोटार धुवायच्या कामाला, आणि दोन वर्षांत त्याचा ड्रायव्हर झालास. खाकी कोट घालून तालमीच्या दारात उभा राहिलास तेव्हा तुझ्या अंगाला पेट्रोलचा वास येत होता. मी म्हटलं, "ये की हौद्यात." तू म्हणालास, "आज नगं, कोट मळंल."

त्या एका वाक्यावरून मी तुझ्यावर डूख धरला. राग कोटाचा नव्हता रे. माझा जोड गेला होता. तुझ्यानंतर हौद्यातल्या त्या मातीत माझ्या वजनाचा आणि माझ्या समजुतीचा दुसरा माणूस आला नाही. लोक मला वस्ताद म्हणायला लागले ते मी फार मोठा मल्ल होतो म्हणून नव्हे, माझ्याशी लढायला कोणी उरलं नाही म्हणून.

दिवाळी होऊन रस्ता कोरडा झाला की घाटात मोटारींची शर्यत व्हायची. खाली खोपोलीच्या अंगाने एकेक मोटार सोडायची, वर खंडाळ्याच्या बाजूला साहेब हातात घड्याळ घेऊन उभा. जिला कमी वेळ लागेल ती पहिली. तुझ्या शेटला शर्यतीचं वेड होतं पण काळीज सशाचं, म्हणून मोटार त्याची, हाकायची तू, आणि चांदीचा कप त्याच्या दिवाणखान्यात त्याच्या नावाने. पहिल्या वर्षी मी बघायला आलो तो बघू तर खरं, हा काय दिवे लावतो, म्हणून. सगळं मावळ लोटलं होतं. माणसं भाकरी बांधून आलेली, बायका कठड्यावर ओळीने बसलेल्या, वरच्या कड्यावर ठाकरवाडीतली मंडळी, शेंगा आणि गुडदाणी विकणारे मधून फिरत होते. एवढा वेळ उन्हात बसलो आणि तुझी मोटार दिसली ती पापणी लवून उघडेपर्यंत. धूळ तेवढी डोळ्यांत गेली.

संध्याकाळी मी तुला म्हटलं, "ह्यात बघायचं काय रं? कुस्ती कशी, अर्धा तास डोळ्यांपुढं असती."

तू म्हणालास, "तू डोळ्यांनी बघत बसलास. पुढच्या साली कानांनी बघ."

पुढच्या वर्षी मी कान लावून बसलो. खालून आवाज निघायचा, एका वळणाआड दबायचा, पुढच्या वळणाला उघडायचा. तू गियर बदललास की मध्ये श्वासभर काहीच ऐकू यायचं नाही, आणि तेवढ्यात सगळा घाट गप्प व्हायचा. शेंगावाल्याचा हात टोपलीत तसाच राहायचा. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती, ओळख ना पाळख, तिने माझा दंड घट्ट धरला.

"आला का रं बाबा वरती?"

"आला, मावशी. पुढचं वळण घेतलं त्यानं."

नंतर मी तिला विचारलं, एवढं भ्यायचं तर येता कशाला? ती म्हणाली, "दरसाली वाटतं, आता पडतोय. न्हाई पडला की घरी जाऊन कोरडी भाकर बी ग्वाड लागती."

त्या म्हातारीला जे एका वाक्यात सांगता आलं ते मला आजवर जमलं नव्हतं. मीही त्यासाठीच येत होतो. दुसऱ्या कुणाची मोटार आली तर मी शेंगा सोलत बसायचो. तुझी निघाली की आवाजावरून कळायचं, कारण वळणाच्या अंमळ आधी गियर उतरवायची तुझी सवय मला पाठ झाली होती. घरी येऊन बघावं तर तळहातात नखांचे वण. तू विचारलंस, "कशी वाटली?" मी म्हटलं, "शेंगा बऱ्या हुत्या."

शर्यतीआधी आठ दिवस तू मोटारीला हात लावायचा नाहीस. घाट पायी चढायचास, रोज. कुठल्या वळणाला खडी सुटली आहे, कुठं ओहळाने रस्ता खाल्ला आहे, ते पायाने पाठ करायचास. त्या आठ दिवसांत दारू नाही, तंबाखू नाही, पोटाला तड लागेल असं जेवण नाही. बंगल्याच्या मोटारखान्यात तुझे दंड आणि बैठका कधी चुकल्या नाहीत, हे मला तुझ्या बायकोने, चंद्रावहिनीने, सांगितलं होतं. मी पोरांना जे शिकवायचो तेच तू करत होतास. ते मला दिसत होतं, म्हादू. दिसत होतं म्हणूनच मी जास्त जोरात नाही म्हणत होतो.

आता त्या वर्षाचं सांगतो. तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलेलं नाहीस.

शर्यतीचा नियम होता की मोटारीत दोघं पाहिजेत. तुझ्याबरोबर बसणारा मिस्त्री हिवतापाने आडवा झाला आणि तू शाळेच्या ओसरीवर येऊन उभा राहिलास.

"वस्ताद, उद्या संगं चल."

"कुटं?"

"घाटात. वजनदार माणूस पायजे, वळणाला अंग टाकाया."

"गव्हाचं पोतं न्हे की."

"पोत्याला सांगितलेलं ऐकू येत न्हाई. तुला तरी कुटं येतं म्हना."

मी हसलो आणि हो म्हटलं. ओसरीवरच तू मला कोळशाने घाट काढून दाखवलास. शेवटी एका जागी बोट ठेवलंस, ओहळावरचं डाव्या हाताचं वळण. तिथं उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी, आणि मी डावीकडे बसणार. मोटार जोरात वळली की ती उजवीकडे, डोंगरावर फेकली जाते, म्हणून माझं वजन डावीकडे पाहिजे. "मी 'टाक' म्हनलं की अंग दरीकडं टाकायचं. कमरेपातूर भायेर. भ्यायचं न्हाई."

"भ्यायाला मी काय पोर हाय व्हय?" मी म्हणालो.

सकाळी निशाण पडलं आणि पहिल्या वळणातच माझी खात्री पटली की मी इतकी वर्षं तोंडाची वाफ दवडत होतो. चाक तुझ्या हातात नव्हतंच, तू त्याच्याशी झटत होतास. प्रत्येक दगडाला ते हिसडा मारायचं आणि तू मनगटाने तो हिसडा पिऊन टाकायचास. गियरचा दांडा ओढताना तुझ्या खांद्यात जी गाठ उठायची ती मी ओळखली. कुस्तीत पट काढताना तुझी तीच गाठ उठायची. पायाखालची फळी अशी तापली होती की माझे पाय मी वर घेतले, तुला घेता येत नव्हते. कोटाच्या आत तुझा सदरा भिजून काळा झाला होता. आणि एवढ्यात तू एकदाही दात आवळले नाहीस, तोंड नेहमीसारखंच, जरा हसरं. मोटारीत बसल्या बसल्या मी मनात म्हटलं, उतरल्यावर याच्यापुढे नाक घासायचं.

मग ओहळाचं वळण आलं. तू ओरडलास, "टाक!"

कुस्ती करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून एकच शिकवतात, की तोल द्यायचा नाही. ज्या बाजूला पडायची भीती त्या बाजूला अंग जाऊच द्यायचं नाही, उलट बाजूला बूड रोवायचं. वीस वर्षं मी तेच केलं, तेच शिकवलं. डावीकडे दरी उघडली, आणि तू ज्या क्षणी टाक म्हणालास त्या क्षणी माझ्या अंगाने आपण होऊन डोंगराकडे बूड रोवलं. माझा खांदा तुझ्या कोपरावर आदळला. मागचं चाक डोंगराच्या बाजूच्या चरीत गेलं, दगडावर आपटलं, स्टिअरिंगचं चाक गर्रकन फिरलं आणि तुझ्या उजव्या मनगटातून कट्कन आवाज आला. तो आवाज मी ऐकला. एवढ्या इंजिनाच्या घरघरीत ऐकला. उरलेला घाट तू एका डाव्या हाताने चढलास, आणि गियर बदलायचा आला की गुडघ्याने चाक दाबून धरायचास.

पहिला नंबर थोडक्यात हुकला. शेट धावत आला. "ये क्या किया, म्हादू?"

तू मोटारीतून उतरलास, मनगट पोटाशी धरलेलं, आणि म्हणालास, "मेरी चूक, शेट. वळणाला घाई केली."

मी शेजारी उभा होतो. अंगावरची धूळ झटकत होतो. तोंड माझंही होतं. पण माझी तालमीतली पोरं तिथं जमली होती, वस्ताद मोटारीत बसला म्हणून हुरळून गेलेली, आणि मला एकच ऐकू येत होतं, की वस्ताद भ्याला. पोरांनी विचारलं, "कसं वाटलं, वस्ताद?" मी म्हटलं, "काय न्हाई रं, बसून तर हुतो." एवढं बोलून मी झाडामागे जाऊन बसलो.

तू मला काही विचारलं नाहीस. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. हाडवैद्याने मनगट बसवलं ते जरा वाकडंच बसलं. पुढच्या वर्षी शेटने मुंबईहून दुसरा ड्रायव्हर आणला. तू बंगला सोडलास आणि लॉरी धरलीस, गवताची, लाकडाची, मिळेल त्या मालाची. घाट तोच, पण आता उतारावरून, जनावरासारखं ओझं घेऊन. शर्यतीच्या दिवशी तू वळणावर बसायला म्हणून कधी आला नाहीस. मीही गेलो नाही. आवाज ऐकायला आता कुणाचा जायचं?

आणि मी काय करावं? तोंड मिटून गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण जत्रेच्या आखाड्यात सगळ्यांपुढे मी पोरांना म्हणालो, "मोटारीवर बसून पैलवान होता येत न्हाई. म्हादूला इचारा, येका वळणानं काय केलं त्याचं." तू समोर बसला होतास. सगळे हसले, तूही हसलास. माझी चूक मी तुझ्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरली, म्हादू. आज हे लिहिताना मला माझ्या हाताची घाण वाटते.

एकदा तू मला वाट करून दिली होतीस. तुझी लॉरी शाळेपाशी उभी होती, तू पायरीवर बसून ते मनगट फिरवत होतास. "वस्ताद, येक बोलू?" म्हणालास. मी म्हटलं, "बोल." तू मनगट फिरवायचं थांबवलंस. मग म्हणालास, "जाऊ दे. मी मेलो तर माती तरी देशील न्हवं?"

आपल्या तालमीची रीत. गडी गेला की हौद्यातली मूठभर माती त्याच्या लंगोटात बांधायची आणि छातीवर ठेवून पाठवायचं. ती द्यायची वस्तादाने. मी म्हटलं, "आदी मातीत ये, मंग देतो." तू लॉरीत चढलास आणि गेलास.

बारा दिवसांपूर्वी तू गवताच्या गासड्या भरून घाट उतरत होतास. वर नऊ माणसं बसली होती, ठाकरवाडीची, गवत कापून परतणारी. तिकडे विलायतेत लढाई लागल्यापासून लॉरीला धड पार्ट मिळत नव्हते हे तूच सांगायचास. ब्रेक गेला. त्या नऊ जणांतला हिरू म्हातारा मला भेटला. तो जमिनीकडे बघत सांगत होता, "गाडी दरीकडं वढत हुती आन् त्यो डोंगराकडं वढत हुता. घासत घासत न्हेली त्यानं. थांबली तवा आमी नवाच्या नऊ उतरलो. त्यो न्हाई उतरला." मग म्हणाला, "चाक सोडवाया दोघं लागलं, वस्ताद. लय घट धरलतं."

पकड. आयुष्यभर मी पोरांना पकड शिकवली. आणि आता मला दुसरं काही सुचत नाही, एकच प्रश्न डोक्यात किड्यासारखा वळवळतो. ते मनगट. गाडी डोंगरावर घालताना तुझी छाती चाकावर दबली म्हणतात. ते मनगट सरळ असतं तर तुला थोडी आधी वळवता आली असती का? जरा हलकी आदळली असती का? मी हिरूला विचारलं, गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्र्याला विचारलं, डॉक्टरला विचारलं. कुणालाही सांगता येत नाही. तुला एकट्याला सांगता आलं असतं. सांग ना रे. शिवी दे, काहीही बोल, पण हो का नाही तेवढं सांग. मी असा किती दिवस राहू?

तुला दारात ठेवलं होतं तेव्हा मी कुणी सांगायच्या आत तालमीत गेलो. हौद्यातली माती घेतली आणि मूठ वळून तुझ्या अंगणात आलो. चंद्रावहिनीने तुझा जुना लंगोट काढून ठेवला होता. तू तो तेल लावून, घडी घालून इतकी वर्षं जपून ठेवला होतास हे मला तेव्हा कळलं. ती म्हणाली, "भावजी, माती देताय न्हवं?"

तेवढ्यात दगडूआबा बोलले. तालमीतले सगळ्यांत जुने, त्यांचा शब्द मोठा. "किती वर्सं झाली, त्यानं हौद्यात पाय न्हाई टाकला. मोटारीवर बसणाऱ्याला माती मिळत न्हाई. वस्ताद, तुमीच सांगितलंया की आमाला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खरंच सांगितलं होतं. माती मुठीत होती. बोलायचीसुद्धा गरज नव्हती, नुसती मूठ उघडायची होती. आणि मी उभा राहिलो, म्हादू. जसा त्या दिवशी धूळ झटकत उभा राहिलो तसाच. वहिनीने लंगोटाची रिकामी घडी परत आत नेली आणि तुला मातीशिवाय नेलं.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच. काल मी तीच माती कागदात बांधून तुझ्या घरी गेलो. वहिनी चुलीपुढे बसली होती. मी दारातच बसलो आणि सगळं सांगितलं. ओसरीवर तू काढलेला घाट, तू म्हणालास ते 'टाक', माझं बूड रोवणं, तुझ्या मनगटाचा आवाज. मला वाटलं होतं तिला ठाऊक असणार. नवरा-बायको, इतकी वर्षं, एकदा तरी तू बोलला असशील. मी फक्त माफी मागायला गेलो होतो.

तिने हातातली फुंकणी खाली ठेवली. मग म्हणाली, "आमाला म्हनलं, माजी चूक झाली. मी खरं धरलं, भावजी."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"येवडी वर्सं खरं धरलं. लॉरी घेऊन निघालं की मी म्हनायची, येका वळणाला घाई केली आन् आमचा सवंसार घाटात घातला. कवा बी भांडाण झालं की ह्येच. त्या दिशी निघताना बी म्हनलं. हळू जावा, तुमाला घाईची सवय हाय." तिने पदर तोंडात धरला. "त्ये हसलं आन् गेलं."

मी तिच्या पायाशी डोकं टेकलं. ती मागे सरली.

"तुमी माफी मागाया हितं तरी आलात," ती म्हणाली. "मी कुटं जाऊ? कुणाला सांगू मी, की माजं चुकलं म्हनून?"

माझी चूक तू तुझ्या घरात नेऊन ठेवलीस आणि ती रोज तुझ्या ताटात वाढली जात होती. तुझी घाई नव्हती हे एक वाक्य मी वेळेवर बोललो असतो तर तुझ्या बायकोने तुला शेवटच्या सकाळी दुसरं काहीतरी म्हटलं असतं. भाकरी घेतली का, असं काहीतरी. मी मातीची पुडी पुढे केली. तिने हात लावला नाही.

"ही हितं नगं," ती म्हणाली. "जितं त्यांचं नाव गेलं तितं न्हेऊन ठिवा."

म्हणून आज सकाळी मी घाट उतरलो, पायी, शर्यतीआधी तू पायाने घाट पाठ करायचास तसा. ओहळाच्या वळणावर पोहोचलो. ज्या चरीत चाक गेलं ती आता बुजली आहे. कठड्याच्या आतल्या बाजूला माती ठेवली, वर एक दगड ठेवला. आणि मोठ्याने म्हणालो, म्हादू, तू खेळाडू होतास. माझ्यापेक्षा मोठा पैलवान होतास. चूक माझी होती. म्हणून झालं आणि माझ्या लक्षात आलं की तिथं एक माकड सोडून कोणी नव्हतं. कोणी नसताना खरं बोलायला मला कधीच अवघड गेलं नाही. मला माझीच किळस आली.

चढावर मोटार कुणासाठी थांबवत नाहीत हे तूच शिकवलेलं, म्हणून खाली खोपोलीपर्यंत चालत गेलो आणि उतारू नेणाऱ्या उघड्या सर्व्हिस मोटारीत बसलो. डावीकडची, कडेची जागा मागून घेतली. मोटारीत लोणावळ्याची माणसं होती, दोघं-तिघं आपल्या टाकव्याचे, त्यातला एक तालमीतलाच, त्या शर्यतीच्या दिवशी मला 'कसं वाटलं' विचारणाऱ्या पोरांतला, आता दोन लेकरांचा बाप. सगळे गप्पा मारत होते. मोटार एकेक वळण घेत होती आणि प्रत्येक वळणाला माझं अंग घट्ट होत होतं.

ओहळाचं वळण आलं. कोणी टाक म्हणालं नाही. मी टाकलं. कमरेपर्यंत बाहेर, दरीकडे, दोन्ही हातांनी दांडी धरून. खाली सगळं मोकळं होतं आणि वारा तोंडावर येत होता. मागून चार हातांनी मला धरलं, ड्रायव्हर ओरडला, बायका किंचाळल्या. त्या तालमीतल्या गड्याने मला आत ओढून गादीवर बसवलं.

"आवो वस्ताद, मरताय काय! आसं काय करताय? भ्यालात व्हय?"

मोटारीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती.

"व्हय," मी म्हणालो. "त्या साली मी हितं लय भ्यालो. म्हादू न्हाई चुकला, मी चुकलो."

तोवर मोटार वळण घेऊन बरीच वर आली होती.